तीट नसलेले हेल्मेट

नाव: विनय गजानन धारप. वय: चोपन्न वर्षे. व्यवसाय: फरीदाबाद येथील गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागप्रमुख, सुट्टीच्या दिवशी मोटार शर्यतींत मानद वाहन-तपासनीस. राहणार: फरीदाबाद. मातृभाषा: मराठी, अद्याप शाबूत.

मी वर नमूद केलेला इसम आज रविवारी सकाळी, शर्यतमार्ग ज्या हद्दीत येतो त्या पोलीस ठाण्यात, स्वतःच्या पायांनी हजर झालो आहे. मला कोणी धरून आणलेले नाही. उपनिरीक्षक श्रीमती नीरजा त्यागी यांनी विचारल्यावरून, ठाण्याचा एक अतिगोड चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत लिहून देतो ते असे.

प्रथम भाषेविषयी. माझा जबाब आरंभी हिंदीत घेण्यात येत होता. परंतु ‘यत्किंचितही’, ‘तद्वतच’ आणि ‘यथामति’ एवढे तीन शब्द होताच जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी पेन खाली ठेवून मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, “सर, आप अपनी भाषा में खुद लिख दीजिए, ट्रान्सलेशन हम करवा लेंगे. बस, सीधा-सीधा लिखिएगा.” त्यांच्या सूचनेचा मान राखून मी शक्य तितके सरळ लिहीत आहे. अनुवादकाविषयी मला सहानुभूती आहे.

फिर्यादी श्री. खंडेराव जगदाळे हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळ साताऱ्याकडचे, आणि सध्या एका रेसिंग संघाचे व्यवस्थापक आहेत. शस्त्रागारातील रायफली मोजाव्यात तद्वत ते रोज सायंकाळी संघाचे सामान मोजतात. काल, शनिवारी, मोजणीत दोन हेल्मेटांपैकी एक कमी भरले. सैन्यात अशा प्रसंगी वस्तू सापडेपर्यंत कोणाला जेवू देत नाहीत. येथे लोक आधीच जेवत असल्याने ते तडक या ठाण्यात आले. त्यांनी दिलेल्या फिर्यादीत चोर ‘अज्ञात’ असा नमूद आहे. तो अज्ञात मी.

हेल्मेट मी घेतले. ते माझ्या मोटारीच्या डिकीत, चकल्यांच्या डब्याशेजारी, स्वच्छ टॉवेलात गुंडाळून ठेवले होते आणि आज सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवले आहे. ते माझी भाची मृणाल दीक्षित हिचे आहे. वय सव्वीस, व्यवसाय मोटार शर्यत. हा व्यवसाय आहे, छंद नव्हे. तिच्या वडिलांकडील नातलगांना हे अद्याप उमगलेले नाही. पोलिसांनी तरी उमजून घ्यावे. ती खंडेरावांच्या संघाकडून गाडी चालवते, या हंगामात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि आज दुपारी हंगामाची अखेरची शर्यत आहे. ती जिंकल्यास अजिंक्यपद तिचे.

मृणालची आई लतिका ही माझी थोरली बहीण. ताई शर्यत कधीच पाहत नाही. शर्यतीच्या दिवशी, आणि शर्यती दोन दिवस असल्यास पहिल्याच दिवशी, सकाळी ती डबा घेऊन येते, हेल्मेटाच्या आत, डाव्या कानामागे जो अस्तराचा भाग येतो तेथे, करंगळीने काजळाची तीट लावते आणि इंजिने सुरू होण्यापूर्वी परत जाते. मृणाल अकरा वर्षांची असताना छोट्या गाड्यांच्या शर्यतीत प्रथम उतरली, तेव्हापासूनचा हा प्रघात आहे. “आई, ते अस्तर आगीपासून बचावाचं असतं, त्यावर काही लावायचं नसतं,” असे मृणाल दर वेळी सांगते. “काजळ म्हणजे काजळीच, ती आगीला काय घाबरते,” असे ताई दर वेळी सांगते. तपासनीस या नात्याने माझे मत कोणी विचारलेले नाही.

तीट म्हणजे काय, असे मॅडमनी या ठिकाणी विचारले. लहान मुलास दृष्ट लागू नये म्हणून लावतात तो काळा ठिपका, असे मी सांगितले. “अच्छा, काला टीका. हमारे यहाँ भी लगाते हैं,” असे त्या म्हणाल्या. त्यामुळे हा मुद्दा निर्विवाद झाला आहे.

शर्यत संपल्यावर मी ताईला दूरध्वनी करतो आणि ‘गाडी थांबली’ एवढे दोनच शब्द सांगतो. क्रमांक कितवा आला, हे ती दुसऱ्या दिवशी विचारते.

काल शनिवारच्या शर्यतीत, लांब सरळ रस्ता संपून वळण लागते त्या ठिकाणी, पुढच्या गाडीने अपेक्षेपूर्वी ब्रेक दाबला. मृणालच्या गाडीचे पुढचे चाक त्या गाडीच्या मागच्या चाकावर चढले. उघड्या चाकांच्या गाड्यांत असे झाले म्हणजे मागची गाडी उडते. ती उडाली, हवेत वळली आणि डाव्या अंगाने टायरांच्या भिंतीवर आदळली. यात कोणाचाही दोष नाही. अशा गाडीची रचनाच अशी असते की प्रसंगी तिने स्वतः मोडावे आणि मधल्या कोशात बसलेला चालक अखंड ठेवावा. गाडीने हे कर्तव्य निःशेष बजावले. तिची चाके चार निरनिराळ्या दिशांस गेली.

मी तपासणीच्या शेडमध्ये उभा होतो. तेथून वळण दिसत नाही, शर्यत दाखवणारा मोठा पडदा दिसतो. धूळ उठल्यापासून धुळीतून तिचा हात वर येईपर्यंत किती वेळ गेला, असे मॅडमनी विचारले. माझ्या मनगटावर घड्याळ होते. मी ते पाहिले नाही.

मृणाल स्वतः बाहेर आली, लोकांकडे पाहून तिने हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईला दूरध्वनी केला आणि गाडी थांबली असे सांगितले. हे विधान तंतोतंत सत्य होते.

वैद्यकीय कक्षात डॉक्टरांनी नियमानुसार तिला प्रश्न विचारले. शर्यतमार्ग कोणता, फेरी कितवी, पुढे कोण होते. मग पाच शब्द सांगून ते उलट क्रमाने म्हणावयास लावले. तिने सर्व बिनचूक सांगितले. येथे एक बाब नमूद करणे प्राप्त आहे. हे प्रश्न आणि ते पाच शब्द दर हंगामात तेच असतात आणि ते सर्व चालकांना तोंडपाठ असतात. याने डोके शाबूत असल्याचे सिद्ध होत नाही, विद्यार्थी अभ्यासू असल्याचे सिद्ध होते. डॉक्टरांनी तिला तंदुरुस्त ठरवले, मात्र हेल्मेट तपासून घ्यावे असे बजावले. हेल्मेटास आतून मार लागलेला आढळल्यास चालकास सक्तीची विश्रांती असते, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

आप्तांच्या वस्तूंस तपासणीत मी हात लावत नाही. त्यामुळे ते हेल्मेट माझे सहकारी अनिश यांनी तपासले. त्यांना ते निर्दोष आढळले, आणि ते निर्दोषच होते. अनिश यांच्या कामात खोट नाही. हेल्मेट उलटे करून टेबलावर ठेवलेले असताना मी तेथून जात होतो. माझी नजर आत गेली. आत सर्व काही होते, तीट नव्हती. त्याच दिवशी सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत ताईने ती लावली होती.

मृणालकडे एकसारखी रंगवलेली दोन हेल्मेटे आहेत. एक वापरातले, एक राखीव.

मी संघाच्या तंबूत गेलो. मृणाल चहा पीत होती. शेजारी खंडेराव दोऱ्या गुंडाळत होते. आमच्यात झालेले संभाषण जसेच्या तसे देतो.

ती म्हणाली, “मामा, यार, असा बघू नकोस माझ्याकडे.”

मी विचारले, “कसा बघतो आहे?”

“कारखान्यात गिअर बघतोस तसा.”

“गिअर खोटे बोलत नाहीत. त्यांच्याकडे बघणे सोपे असते.”

“मी बिल्कुल ठीक आहे. डॉक्टरनी पास केलंय. उद्या फक्त पुढे राहायचं, बस. मग आई दिवाळीला सगळ्यांना सांगत सुटेल. आई पोहोचली का घरी?”

“पोहोचली,” मी म्हणालो. “सकाळचे हेल्मेट कोठे आहे?”

“दिलं ना तपासायला.”

“त्यात तीट नाही.”

तिने चहाचा घोट घेतला. “पुसली गेली असेल. मला घाम किती येतो. तू पण ना मामा, सीआयडी झालायस एकदम.” मग थोड्या वेळाने, “आई पोहोचली का घरी?”

“पोहोचली,” मी म्हणालो.

खंडेरावांनी दोरी गुंडाळणे थांबवले. मृणालने आजच्या शर्यतीत पहिल्या वळणावर काय करणार ते सविस्तर सांगितले. त्यात एकही चूक नव्हती. ते संपल्यावर ती म्हणाली, “मामा, आई पोहोचली का घरी?”

या वेळी मी उत्तर बदलले. “नाही,” असे म्हणालो.

“अच्छा. ट्रॅफिक असेल,” असे ती म्हणाली, आणि तिने बिस्किट घेतले.

त्यानंतर सर्वजण जेवणाच्या मांडवात गेले असता मी एकट्याने तंबूत जाऊन तिची पेटी उघडली. पेटीस कुलूप नव्हते. असते तरी माझ्या हेतूत फरक पडला नसता. तळाशी टॉवेलात गुंडाळलेले दुसरे हेल्मेट मिळाले. बाहेरून त्यावर फक्त एक ओरखडा होता. अस्तर काढले असता डाव्या बाजूचा आतला थर, जो डोक्याऐवजी स्वतः दबून जावा म्हणून असतो, तो अंगठा बसेल एवढा आत गेलेला होता. तीट जागच्या जागी होती. ती पुसली गेली नव्हती. ती आणि तो खळगा यांत बोटभर अंतर होते.

हे मी तत्काळ शर्यतीच्या पंचांना का कळवले नाही, असा मॅडमचा प्रश्न आहे. कळवले असते तर तपासणीत दुसरे हेल्मेट दाखवून फसवणूक केल्याबद्दल मृणालचा परवाना गेला असता. न कळवले असते तर ती आज संघाच्या राखीव गाडीत बसली असती. परवाना आणि मस्तक यांपैकी एक निवडण्याऐवजी मी तिसरा मार्ग शोधला. तो फौजदारी स्वरूपाचा निघाला, एवढेच. सकाळी ते हेल्मेट डॉक्टरांच्या टेबलावर गुपचूप नेऊन ठेवावे, म्हणजे तेच तिला विश्रांतीस बसवतील आणि अदलाबदल पंचांपर्यंत जाणार नाही, असा माझा बेत होता. सुभेदार साहेब सामान इतक्या तातडीने मोजतात हे मी विसरलो. ही माझी चूक आहे आणि ती केवळ मुलकी माणूसच करू शकतो.

आज सकाळी मृणाल, खंडेराव आणि मी असे तिघेही या ठाण्यात आहोत. मॅडमनी एकंदर हकिगत ऐकून विचारले, “चोरी मामाजी ने की, रिपोर्ट भांजी की टीम ने लिखवाई, और सब साथ में चाय पी रहे हैं. आप लोग घर में बात नहीं करते क्या?” यावर तिघांनीही चहाचा आणखी एक घोट घेतला.

टेबलावरचे हेल्मेट मृणालला दाखवले असता तिने मॅडमना सांगितले की ते जुने आहे, त्यातला खळगा मागच्या महिन्यातल्या सरावातला आहे, आणि कालचा त्याच्याशी संबंध नाही. तीट त्यात कशी, असे विचारता आई जुन्यातही लावते, असे ती म्हणाली. आपण तीन वाजेपर्यंत मोकळे व्हायला हवे, असेही म्हणाली. वस्तुतः शर्यत दोन वाजता आहे. हे सर्व माझ्यासमोर घडले. मी हरकत घेतली नाही. प्रत्येकाला स्वतःच्या जबाबाचा अधिकार आहे. मी माझा देत आहे.

सबब माझी विनंती अशी. हेल्मेट मुद्देमाल म्हणून जप्त करावे आणि डॉक्टरांनी समक्ष पाहिल्यावाचून कोणाच्याही हाती देऊ नये. चोरीचा आरोप मला मान्य आहे. खंडेराव आणि अनिश यांना कोणताही त्रास देऊ नये. माझ्या बहिणीला ठाण्यातून दूरध्वनी करू नये. ती वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या दूरध्वनीची वाट पाहत आली आहे. दुसरा आवाज ऐकला तर ती पुढचे काही ऐकणार नाही.

पुरवणी जबाब (त्याच दिवशी, त्याच खोलीत)

जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखवणे आवश्यक असते. या ठाण्यात मराठी वाचणारे आम्ही तिघेच. ज्याचा जबाब त्यानेच वाचणे मॅडमना मंजूर नव्हते. खंडेरावांचा चष्मा तंबूत राहिला होता. तेव्हा मॅडम मृणालला म्हणाल्या, “बेटा, तुम पढ़ दो.”

मृणालने वाचावयास घेतले. दिल्लीत वाढलेली असल्याने ती माझे मराठी नेहमीच खाचखळग्यांतून गाडी न्यावी तसे वाचते. ‘यथामति’ या शब्दाशी ती थांबली.

“मामा, असं कोण बोलतं?”

“मी.”

“ते माहितीय. दुसरं कोण?”

“दुसरा अद्याप सापडलेला नाही.”

‘मातृभाषा अद्याप शाबूत’ हे वाचून ती हसली होती. ‘तो अज्ञात मी’ येथे खंडेराव हसले. वडिलांकडील नातलगांचे वाक्य तिने मॅडमना हिंदीत करून सांगितले. तीट लावण्याचा भाग तिने जरा हळू वाचला. घड्याळाच्या वाक्यानंतर तिने माझ्याकडे पाहिले आणि पान उलटले.

तंबूतील संभाषण ती दोघांच्या आवाजांत वाचू लागली. माझा आवाज तिने गरजेपेक्षा जाड काढला. ‘आई पोहोचली का घरी’ हे वाक्य प्रथम आले तेव्हा तिने ते सहज वाचले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ती थबकली, बोट वरच्या ओळीवर नेले, पुन्हा खाली आणले. मग पुढचे डोळ्यांनीच वाचले.

“मामा, तू चुकून हे वाक्य तीनदा लिहिलंयस.”

मी टेबलावरचा रिकामा कप बाजूला केला.

“कॉपी करताना होतं असं. हे कापू का?” तिने मुन्शीजींचे पेन उचलले. “मी एकदाच विचारलं होतं.”

खंडेराव खुर्चीवरून उठले. ते मृणालला संघात सर्वांदेखत मॅडम म्हणतात. “मृणालताई,” ते म्हणाले, “तीनदा विचारलंत. मी दोरी गुंडाळत होतो. तिसऱ्या वेळी साहेबांनी नाही म्हणून सांगितलं, आणि तुम्ही अच्छा म्हणालात.”

“मी अच्छा म्हणाले?”

“होय. ट्रॅफिक म्हणालात.”

तिने त्या तीन ओळी बोटाने पुन्हा मोजल्या. पेन तिने परत जागेवर ठेवले. वाक्य कापलेले नाही. मूळ जबाबात ते तीनदा आहे, तसेच कायम ठेवावे.

त्यानंतर तिने टेबलावरचे हेल्मेट जवळ ओढले, अस्तर बाजूला करून आत पाहिले आणि मॅडमना म्हणाली, “मॅम, ये कल वाला ही है. पुराना नहीं है. मैंने झूठ बोला था.” मग विचारले, “कैंची मिलेगी?”

मॅडम म्हणाल्या, हा मुद्देमाल आहे, यास कात्री लावता येत नाही. त्यावर खंडेरावांनी टाचा जुळवून फिर्याद मागे घेत असल्याचे सांगितले. “सामान पूरा हो गया, मॅडम. दो में से दो.” मॅडमनी थोडा विचार केला आणि खणातून कात्री काढून दिली.

अपघातात मार खाल्लेल्या हेल्मेटाचा हनुवटीखालचा पट्टा कापतात, म्हणजे ते पुन्हा कोणी डोक्यावर घालू नये. हे काम तपासनिसाचे. पट्टा जाड असतो आणि ठाण्याची कात्री कागदाची होती. मृणालने ती दोन्ही हातांनी चालवली. मी हेल्मेट धरले होते. आप्तांच्या वस्तूंस हात न लावण्याचा माझा नियम या ठिकाणी मोडला आहे, याची नोंद घ्यावी.

ती डॉक्टरांकडे आणि नंतर शर्यतीच्या पंचांकडे स्वतः जाऊन सांगणार आहे. परवान्याचे काय करावयाचे ते पंच ठरवतील. त्यांच्यापुढे मीही जबाब देईन. तो याहून लांब असेल, हे त्यांना आगाऊ कळवावे.

निघताना ती दारापाशी थांबली. “मामा, आईला फोन तू कर.”

“काय सांगू?”

“नेहमीचंच,” ती म्हणाली. “गाडी थांबली.”

मी ठाण्याच्या व्हरांड्यात जाऊन दूरध्वनी केला. ताईने विचारले की शर्यत तर दुपारी आहे ना. मी होय म्हणालो. त्यावर ती, डब्यातल्या चकल्या मृणालला दे, तिला सकाळी खायला काही नसतं, एवढे म्हणाली.

येणेप्रमाणे मूळ जबाब अर्धा मृणालने वाचला, उरलेला खंडेरावांनी मॅडमचा चष्मा लावून वाचला, आणि मी दोन्ही वेळा ऐकला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, त्यात काही वाढवलेले वा लपवलेले नाही. वाचनाअंती मृणालच्या सूचनेवरून एकच दुरुस्ती करण्यात येत आहे, ती मला मान्य आहे: जेथे जेथे चोर ‘अज्ञात’ असे लिहिले आहे, तेथे ‘मामा’ असे वाचावे.

सही: वि. ग. धारप